सुकदेवचं गोठ्याचं घर

भडगावच्या रजिस्ट्रार ऑफिसबाहेर लिंबाखाली माझं टेबल असायचं. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड असे लोकांच्या जमिनी-घरांचे कागद मी लिहायचो. त्या टेबलापुढे बसून माणसं खोटं बोलतात हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि पुढे त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. पण १९९३ च्या एप्रिलात सुकदेव चुडामण पाटील माझ्यापुढे खोटं बोलला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. तो जिच्याबद्दल खोटं बोलत होता, ती माझ्या वर्गात होती.

सुकदेव आमच्याच गावचा, गिरणेच्या काठचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बोलायला कमी, हाताने हुशार. त्याच्या वडिलांचा, चुडामणआबांचा, गावाबाहेर शेतात अकरा खणांचा गोठा होता. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कडब्यासाठी माळा. आबा वारले, भाऊबंदांत वाटणी झाली. गावातलं घर चुलतभावाकडे, धनसिंगकडे गेलं आणि सुकदेवकडे चार एकर रान आणि हा गोठा आला. लोक हळहळले. सुकदेवने मात्र जनावरं शेजारच्या पत्र्याच्या छपरात हलवली आणि गोठ्याचं घर करायला घेतलं.

चार वर्षं लागली. गवंडी लावला तो फक्त गिलाव्यापुरता, बाकी सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने, बेबाबाईने केलं. गव्हाणींच्या वरची भिंत फोडून त्याने खिडक्या काढल्या आणि गव्हाणी न पाडता त्यांच्यावर शहाबादी फरशी बसवली. तिथे बसून चहा पीत शेत बघता यायचं. माळ्यावर जायला सागाचा जिना केला. गोमूत्र वाहून जायची दगडी नाली मोरीला जोडून तिचं पाणी मागच्या केळीला सोडलं. दाव्यांनी घासून खांबांवर पडलेले खाचे त्याने रंध्याने काढले नाहीत, तसेच तेल देऊन ठेवले. वैशाखात बाहेर जमीन तापून तव्यासारखी व्हायची, आत मात्र गार. पाचोऱ्या-चाळीसगावहून लोक ते घर बघायला यायचे.

आता ते विकायचं होतं. मुलगा नाशिकला कंपनीत लागला होता आणि आईबापाला तिकडे बोलावत होता. बेबाबाईला दमा होता, कपाशीवरच्या फवारणीचा वास तिला सोसत नव्हता. गिऱ्हाईकही मिळालं होतं. लीलाधर चौधरी, मूळचे यावलकडचे, घरची केळीची शेती, पण जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेलेला. चाळीसगावला क्वार्टर होतं, ते एकतीस मेला निवृत्त झाल्यावर सोडायचं होतं. घर बघायला आले आणि त्या गव्हाणीच्या फरशीवर तासभर बसून राहिले. उठताना म्हणाले, "दुसरं घर आता बघत नाही."

दोघं मिळून माझ्याकडे आले. लीलाधरराव समोरच्या रसवंतीवर रस सांगायला गेले. मी मसुदा लिहू लागलो.

"आबांचे वारस किती?"

"मी एकलाच."

"बहीण?"

"नही."

मी पेन खाली ठेवलं. "सुकदेवभाऊ, मंजुळा सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती."

त्याने रसवंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा राखेसारखा झाला होता. "ती आमनाकरता मरी गई."

"कागदावर मेलेली नाही ना?"

आबा वारले तेव्हा वारस म्हणून फक्त सुकदेवचं नाव लागलं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. पण उद्या मंजुळा किंवा तिची मुलं दारात उभी राहिली, तर लीलाधररावांचं म्हातारपण कोर्टाच्या बाकावर जाणार होतं.

"मी दुसराकडथून लिखी लेसू," तो म्हणाला.

"घे लिहून. पण त्यांना मी आत्ता सांगणार."

त्याने माझ्या हाताखालून सातबारा ओढला, सायकलवर बसला आणि निघून गेला. लीलाधरराव रसाचे ग्लास घेऊन आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवले. म्हणाले, "एकतीस मेपर्यंत थांबतो. पुढे सामान कुठे टाकू मी?"

मंजुळाचं काय झालं होतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. १९७० चा वैशाख. ती अठरा-एकोणीस वर्षांची. भडगावच्या बसस्टँडजवळ सायकलच्या दुकानात काम करणाऱ्या पुनाशी तिचं जमलं. पुना जातीबाहेरचा. आबांना कळलं आणि त्यांनी तिला गोठ्याच्या शेवटच्या खणात कोंडलं. फळ्या ठोकून दार केलं, बाहेर कुलूप. अकरा दिवस. बाराव्या दिवशी भर दुपारी ती नाहीशी झाली. धनसिंग पाच-सहा जण घेऊन भडगावला गेला आणि पुनाचा हात कोपरातून मोडून आला. मंजुळा सापडली नाही. त्यानंतर तिचं नाव घेणं गावाने बंद केलं. आम्ही वर्गातल्या मुलांनीसुद्धा.

पाचव्या दिवशी सुकदेव परत आला. उभ्याउभ्याच त्याने विचारलं, "ती कोठे शे, तुले माहीत शे का?"

मला माहीत नव्हतं. पण गावात पत्र येतं ते पोस्टमनच्या हातून येतं. मी त्याला घेऊन जुन्या पोस्टमनकडे, कौतिकनानांकडे गेलो. नाना रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, पण डोकं साफ. अंगणात बाजेवर बसले होते. आमचं ऐकून घेतलं आणि सुकदेवला विचारलं, "आता कशाला हवा पत्ता? तेवीस वर्षांत कधी विचारला नाहीस."

सुकदेव बाजेच्या पायाशी खाली बसला.

मग नानांनीच सांगितलं. मंजुळाचं पत्र दर महिन्याला त्यांच्याच नावावर यायचं. सुकदेवची आई शेताच्या बांधावर येऊन थांबायची. नाना पत्र वाचून दाखवायचे, ती ऐकायची, दोनदा वाचायला लावायची, आणि मग नाना काडी लावायचे. आई ऐंशी साली गेली, तोपर्यंत हे चाललं होतं.

"मना घरमा?" सुकदेव म्हणाला. "मना घरमा हाई चालू व्हतं?"

"तुझ्या घरात नाही, बांधावर," नाना म्हणाले. त्यांनी पत्ता तोंडपाठ सांगितला. धुळे, देवपूर.

सुकदेव एकटा जायला तयार नव्हता. मे लागला होता. आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. पारोळ्याच्या स्टँडवर मी चहा आणला, तो त्याच्या हातातच निवला.

देवपुरात एका बोळात पिठाची गिरणी होती. पत्र्याखाली सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या, आणि आत डोक्या-तोंडाला फडकं बांधलेली एक बाई, भुवयांपर्यंत पांढरी. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही. मग माझ्या मागे पाहिलं. तिचा हात तसाच थांबला, वरच्या पेटीतले गहू संपून जातं कोरडं घासायला लागलं. एक बाई ओरडली, तेव्हा तिने पुढचा डबा ओतला.

"गहू की ज्वारी?" तिने पुढच्या बाईला विचारलं.

आम्ही एक तास उभे होतो. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. नवीन आलेल्या एका म्हातारीने सुकदेवला विचारलं, "तुमचा डबा कुठे, भाऊ?" तो बाजूला सरकला. शेवटचा डबा झाला. तिने बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. तिने तोंडावरचं फडकं सोडलं.

"रतिलाल ना तू?" ती मला म्हणाली. "आता कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग?"

मी सुकदेवकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. घर, गिऱ्हाईक, वारस नोंद, सही. ती ऐकत होती आणि झाडूने गिरणीभोवतीचं पीठ एका जागी गोळा करत होती.

"कोणतं घर?"

"शेतातलं. गोठ्याचं घर केलंय यांनी."

झाडू थांबला. "तिथे माणसं राहतात?"

"हो."

"शेवटच्या खणात पण?"

"तिथे पण."

तेवढ्यात मागच्या दाराने एक माणूस आला. पन्नाशीच्या आतला, बारीक, उजवा हात कोपरात न वाकणारा. हा पुना. त्याने मला नमस्कार केला, डाव्या हाताने. सुकदेवकडे त्याने पाहिलंही नाही. मला वाटलं, रागाने.

मंजुळाबाई म्हणाली, "मी सही देईन. पण आधी ते घर बघीन. आत जाऊन."

"जायचं नाही," पुना म्हणाला.

"मला जायचंय."

पुनाने मला विचारलं, "धनसिंग आहे का अजून?"

"आहे."

"मग मी पण येतो."

"तू नाही," ती म्हणाली. "तुला बघून ते चवताळतील. मी एकटी जाईन."

पुना माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "रतिलालभाऊ, तुमच्या भरवशावर पाठवतो. संध्याकाळच्या गाडीने ही इथे उतरली नाही, तर मी पोलीस घेऊन तुमच्या दारात येईन. त्यांच्या नाही, तुमच्या."

सत्तावीस मे ठरला, गुरुवार.

त्या दिवशी तिला भडगाव स्टँडवर घ्यायला मी गेलो. तिने इस्त्रीची सुती साडी नेसली होती, हातात छोटी पिशवी. स्टँडबाहेर आल्यावर सायकलच्या दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान होतं, तिकडे तिने एकदाच पाहिलं. आम्ही रिक्षात बसलो. गाव लागायच्या आधी, शेताकडे वळणाऱ्या गाडरस्त्यावर, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर धनसिंग बसला होता. त्याच्यासोबत तिघे, एकाच्या हातात काठी. बातमी कुठून गेली कोण जाणे. गावात बातमीला पाय लागत नाहीत.

रिक्षावाल्याने ब्रेक मारला. "मी पुढे नेत नाही," तो म्हणाला.

मंजुळाबाईने माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं रुतली. मी कागद लिहिणारा माणूस, मला काय करता येणार होतं? मी रिक्षातून उतरलो आणि म्हणालो, "धनसिंगनाना, काम आहे, तासाभरात जाऊ."

"तू गप ऱ्हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात शेताकडून सुकदेव आला. डोक्यावर टोपी नव्हती, पायात चप्पल नव्हती. बहुतेक रिक्षाचा आवाज ऐकून तसाच निघाला होता.

धनसिंग उठला. "तिले आठूनच माघारी धाड, सुकदेव. घराणानं नाक कापीसन गयी व्हती ती."

"बाजू व्हय, नाना."

"आबा जित्ता ऱ्हाता ते..."

"आबा नही आते," सुकदेव म्हणाला. "मी शे. ती मना घर इ राह्यनी. तुले हात उचलना शे ते मनावर उचल."

मी सुकदेवला लहानपणापासून बघत आलो होतो. त्याचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. धनसिंग एक पाऊल पुढे आला. काठीवाला माणूस धनसिंगकडे बघू लागला, मग आमच्याकडे, मग जमिनीकडे. तोच आधी बाजूला झाला. आबांच्या वेळचा दरारा त्या तिघांत उरला नव्हता, हे धनसिंगलाही कळलं असावं. तो पचकन थुंकला आणि मोरीवर परत बसला. पण नजर काढली नाही.

सुकदेव रिक्षापुढे चालू लागला. रिक्षा त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. धनसिंगजवळून जाताना मंजुळाबाईने डोळे मिटले नाहीत, हे मी पाहिलं.

घरात लीलाधरराव येऊन बसले होते. बेबाबाईने नणंदेला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे केला, पण मंजुळाबाईने तो घेतला नाही. चपला उंबऱ्याबाहेर काढून ती आत गेली. एकेका खांबाला हात लावत, मोजत पुढे सरकली. आम्ही मागे थांबलो. दहाव्या खांबापाशी ती थबकली.

शेवटच्या खणात सुकदेवने सगळ्यात मोठी खिडकी काढली होती. चुन्याची पांढरी भिंत, गव्हाणीवर फरशी, फरशीवर घडी घातलेली गोधडी. खिडकीतून केळी आणि लांब गिरणेचं पात्र.

"इथे लोखंडी कडी होती भिंतीत," ती म्हणाली.

"काढी टाकी," सुकदेव म्हणाला.

ती फरशीवर बसली. तिथे बसून तिने खोलीभर पाहिलं. बाहेर छपरात एक गाय हंबरली.

"मी इथे का आले, सांगू?" ती म्हणाली. आतापर्यंत ती धुळ्याच्या, शहरातल्या बोलीत बोलत होती. "सहीसाठी नाही आले. तुझ्यासाठी आले, भाऊ. त्या दुपारी तू दाराबाहेर बाजेवर पडला होतास. राखण तुझी होती. माय आली. तुझ्या उशाखालून तिने किल्ली काढली. मी फळीच्या फटीतून सगळं बघत होते. मायने किल्ली काढली आणि तू डोळे उघडलेस." ती बोलता बोलता गावाच्या बोलीत आली. "तुना डोया उघडा व्हतात, भाऊ. तू मायकडे दखं, आन् कड बदलीसन तिकडे तोंड करं. तू माले जाऊ दिधं."

सुकदेव खांबाला टेकून उभा होता.

"मायने मला नदीतून कजगाव स्टेशनची वाट दाखवली," ती पुढे म्हणाली. "तेवीस वर्षं मी पुनाला सांगत आले. माहेरचे सगळे वाईट असतील, पण माझा भाऊ वाईट नाही. त्याने तोंड फिरवलं म्हणून मी जिवंत आहे. माय गेली, आबा गेले, मला काही वाटलं नाही इतकं. तू होतास ना."

तिने पिशवीतून पेन काढलं. "कुठे करू सही?"

मी हक्कसोडीचा कागद पुढे केला. लीलाधररावांनी सोडलेला सुटकेचा श्वास मला ऐकू आला. सगळं मार्गी लागत होतं. एक सही, आणि एकतीस तारखेच्या आत खरेदी.

"थांब," सुकदेव म्हणाला.

ती वर बघू लागली.

"नही, मंजू. मी झोपेल व्हतू."

"नाही, मी पाहिलं..."

"मी झोपेल व्हतू. झोपमा डोया उघडना व्हतीन, कड बदली व्हई. माले काहीच याद नही. मी जागा ऱ्हातू ते आरडतू." त्याने दोन्ही हातांनी मागचा खांब धरला होता. "उठनू, कुलूप दखं, आन् मीच पयत धनसिंगकडे गऊ. त्याले पुना माहीत नव्हता. दुकानवर मीच ली गऊ. बोट मीच दखाडं. हाऊच तो, असं मीच म्हणनू."

मंजुळाबाईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही वेगळं सांगेन. मग खिडकीबाहेर. तिचा चेहरा इतका रिकामा मी कधी कुणाचा पाहिला नाही. मग तिने पेनाला टोपण लावलं, पिशवीत ठेवलं आणि मला विचारलं, "धुळ्याची गाडी किती वाजता आहे?"

ती बाहेर पडली तेव्हा बेबाबाई पुन्हा तांब्या घेऊन दारात उभी होती. या वेळी मंजुळाबाईने पाणी घेतलं, घटाघटा प्यायली आणि रिक्षात जाऊन बसली. मी तिच्यासोबत निघालो. मागे बेबाबाई नवऱ्याला विचारत होती, "हाई आजच कसाले सांगं? सही व्हई जाती ना."

"ती मना उपकार मानी राह्यनी व्हती," सुकदेव म्हणाला.

मोरीवर कुणी नव्हतं. मी तिला पारोळ्यापर्यंत सोडायला गेलो, तिथून धुळ्याच्या गाडीत बसवून परत आलो. त्या रात्री पुना पोलीस घेऊन आला नाही, म्हणजे ती पोचली होती.

एकतीस मे गेला. लीलाधररावांनी सामान भावाच्या घरी यावलला पाठवलं आणि स्वतः भडगावात एक खोली घेऊन राहिले. दुसरी घरं बघायला त्यांना लोक बोलवायचे. ते जायचे, बघायचे आणि परत माझ्या टेबलापाशी येऊन बसायचे. "काही कळलं का?" एवढंच विचारायचे.

सुकदेव कापूस लावायच्या तयारीला लागला. नाशिकला जाण्याचं त्याने काढलं नाही. मी एकदा शेतात गेलो, तर तो शेवटच्या खणात झोपत नाही, तिथे बसतही नाही, असं बेबाबाईने सांगितलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुळाबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. सोबत पुना. तिला मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मी घरी जाऊन यांना सांगितलं," ती म्हणाली. "भावाने बोट दाखवलं होतं म्हणून. यांनी काय म्हणावं? म्हणे, मला माहीत होतं."

पुना खाली बघत होता.

"तेवीस वर्षं माहीत होतं. दुकानात तोच पुढे होता म्हणे, बोट दाखवत. मी रोज याच्यापुढे भावाचं गुणगान गायचे, आणि हा गप्प."

"माहेरचं एक तरी माणूस असावं हिला, असं वाटलं," पुना मला म्हणाला. त्याचं मला स्पष्टीकरण द्यायचं काही कारण नव्हतं, पण तिला देऊन झालं असावं. "सांगून माझा हात सरळ होणार होता का?"

"तीन आठवडे मी दोघांशी बोलले नाही," ती म्हणाली. "एक इथे, एक तिथे. आता सांगते ते लिहून घे, रतिलाल. हक्कसोड मी देणार नाही. आधी सातबाऱ्यावर माझं नाव लागलं पाहिजे. चुडामणची मुलगी म्हणून. मग विकायचं की नाही ते ठरवू."

मी तिचा अर्ज लिहिला. चावडीवर नोटीस लागली. धनसिंगने हरकत घेतली, तिचा बापाशी संबंध तुटला होता म्हणून. सुनावणी लागली. त्या दिवशी सुकदेवला मी सांगितलं होतं, फक्त बहीण आहे एवढं बोल, पुरे. त्याने अधिकाऱ्यापुढे, गावातल्या पंचवीस माणसांसमोर जबाब दिला. ही माझी सख्खी बहीण. वडील वारल्यावर मी तिचं नाव मुद्दाम लपवलं. अधिकाऱ्याने वर बघून विचारलं, "मुद्दाम हा शब्द लिहू?" सुकदेव म्हणाला, "लिखा." धनसिंग उठून गेला. मंजुळाबाई मागच्या बाकावर होती. ती उठलीही नाही, बोललीही नाही.

दिवाळीनंतर नाव लागलं. तिने उताऱ्याची नक्कल माझ्याकडून घेतली, दोनदा वाचली, घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "विकू दे त्याला. मी राहणार नाही तिथे. तोही राहू शकत नाही."

खरेदी जानेवारीत झाली. विकणारे दोन: सुकदेव चुडामण पाटील आणि मंजुळाबाई, चुडामणची मुलगी. रजिस्ट्रारने तिला रीतीप्रमाणे विचारलं, राजीखुशीने सही करता ना? ती क्षणभर थांबली. आम्ही सगळे थांबलो. लीलाधरराव कोटाचं बटण चाचपत होते. ती म्हणाली, "राजीने. खुशीचं विचारू नका." साहेब हसले, त्यांना वाटलं बाई गमतीत बोलल्या. साक्षीदार म्हणून मी आणि पुना. पुनाचा उजवा हात वाकत नसल्याने टेबलावर कागद त्याला लांब पडत होता. सुकदेव पुढे झाला आणि त्याने कागद दोन्ही हातांनी धरून पुनाच्या हाताखाली आणला. पुनाने सही केली. "नीट धरला," एवढंच तो म्हणाला.

सुकदेव नाशिकला गेला. लीलाधरराव त्या घरात सहा वर्षं राहिले आणि तिथेच गेले. मंजुळाबाईने भावाला घरी बोलावलं नाही. तोच दर दिवाळीला धुळ्याला जायचा, गिरणीत बसायचा, चहा घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीने परतायचा. पहिली दोन वर्षं तिने त्याला ओवाळलं नाही. तिसऱ्या वर्षी ओवाळलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात एका कामासाठी धुळ्याला गेलो होतो, तेव्हा देवपुरात डोकावलो. गिरणी बंद होती. जात्याचा वरचा दगड काढून अंगणात ठेवलेला, आणि सुकदेव उकिडवा बसून छिन्नीने त्याला टाकी लावत, पुन्हा खरबरीत करत होता. मंजुळाबाई बाजूला उभी राहून त्याच्यावर ओरडत होती, की कडेला खोल जातंय, पीठ जाडं येईल. तो मान न उचलता ठोकत होता. पुना सावलीत बसून दोघांकडे बघत होता. मला बघून त्याने डाव्या हाताने नमस्कार केला आणि बसायला पोतं सरकवलं.

"बोलतात का हे एकमेकांशी?" मी हळूच विचारलं.

"कामापुरतं," तो म्हणाला. "पण काम निघत राहतं."